एक निशाणवाला कमी

दर गुरुवारी संध्याकाळी लेस विडोसन आपल्या मेहुण्याच्या दारापुढे गाडी उभी करतो. हॉर्न वाजवत नाही. मेहुणा बाहेर येईपर्यंत काचेवरचे डाग रुमालाने पुसत बसतो. मेहुण्याचं नाव क्लाइव्ह हॅलम. नजर अधू झाल्यामुळे क्लाइव्हचा गाडीचा परवाना गेला आणि तेव्हापासून लेस त्याची ने-आण करतो. माझं घर वाटेवर आहे, म्हणून मागच्या सीटवर मी.

आम्ही जातो ते नॉटिंगहॅमच्या उत्तरेला, खाणकामगारांच्या जुन्या क्लबातल्या मागच्या हॉलमध्ये. खाण बंद होऊन जमाना झाला, हॉल राहिला. तिथे आमची युद्धखेळाची मंडळी जमतात. क्लाइव्ह तिथला सचिव आणि मी खजिनदार. मी फासे कधी हातात धरले नाहीत. वाणिज्य शाखेचा माणूस आहे एवढ्या एका कारणावरून डेनिस गॅड्सबीने मला एका संध्याकाळी त्या पदावर बसवलं आणि मी ते सोडलं नाही. लेस कुणीच नाही. तो रेडिएटरजवळच्या खुर्चीवर बसतो, चहा पितो, खेळ बघतो आणि शेवटी टेबलं उचलायला मदत करतो. बलवेलच्या एका प्राथमिक शाळेत तो केअरटेकर आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी कुलुपं उघडायची, संध्याकाळी लावायची. गुरुवारी हॉलचं कुलूपही तोच लावतो, सवयीने.

खेळाचं नाव ‘सतरा सूर्य’. बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक, मोजपट्ट्या, फासे, आणि या सगळ्यामागे एक अवाढव्य विश्व. सतरा सूर्य, त्यातले काही विझलेले, त्यांच्याभोवती भांडणारी घराणी, यंत्रांची पूजा करणारे पंथ, हजारो वर्षांच्या वंशावळ्या. त्यावर एवढी पुस्तकं निघाली आहेत की ठेवायला भिंत पुरणार नाही. लेसने ती वाचनालयातून आणून एकेक करून वाचली आहेत. विश्वात शिरायचा फुकट रस्ता तेवढाच. सैनिक मात्र वाचनालयात मिळत नाहीत.

गेल्या वर्षी वसंतात डेनिस वारला. क्लब त्यानेच काढलेला. तरुणपणी खाणीत होता, नंतर टपाल वाटायचा. त्याची सेना ‘भट्टी-रक्षकां’ची होती. पिवळा आणि काळा रंग, प्रत्येकाच्या शिरस्त्राणावर टाचणीच्या डोक्याचा केलेला खाणदिवा. ती सेना टेबलावर मांडली की बाकीचे आपला खेळ थांबवून बघायला यायचे. ती क्लबला मिळावी असं सगळ्यांना वाटत होतं. पण स्केग्नेसहून आलेल्या त्याच्या बहिणीला हे विचारणार कोण? आम्ही शोकपत्र पाठवलं. मग काही आठवडे थांबणं बरं दिसेल असं ठरलं. थांबलो. क्लाइव्हने शेवटी फोन केला तेव्हा घर रिकामं होऊन विकायला निघालं होतं. बाईंनी सांगितलं की खोकी दान आलेलं जुनं सामान विकणाऱ्या कुठल्याशा धर्मादाय दुकानांत दिली, तुम्हाला हवी होती तर बोलायचं नाही का.

डेनिसच्या जाण्याने एक खुर्चीही रिकामी झाली. हिवाळ्यात आमच्याकडे मोठी मोहीम असते. एका मोठ्या नकाशाभोवती आठ जण बसतात आणि वसंत येईपर्यंत प्रदेश जिंकतात, हरतात, तह करतात. सैनिकाची ताकद किती, त्यावरून त्याचे पॉइंट पुस्तकात ठरलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी ज्याच्याकडे हजार पॉइंटांची, रंगवलेली, पूर्ण सेना असेल तो बसतो. नंतर कुणाला आत घेत नाहीत.

ऑगस्टमध्ये एकदा गाडीत क्लाइव्ह थट्टेने म्हणाला, “आठवी खुर्ची तूच घे की लेस. इतकी वर्षं फुकटात बघतोयस.”

क्लाइव्हला सोडल्यावर माझ्या दारापाशी गाडी थांबवून लेसने मला विचारलं की हजार पॉइंट म्हणजे साधारण किती सैनिक. मी म्हटलं, क्लाइव्हला विचार. तो म्हणाला, “त्याला विचारलं तर तो हसेल. मला एकदा नकाशाच्या त्या बाजूला बसून बघायचंय, विद. बाकी काही नाही.”

माझं नाव विद्याधर. इथे त्याचं ‘विद’ झालं आहे.

पुढच्या शनिवारी मी त्याच्याबरोबर शहरातल्या दुकानात गेलो. हिशेबाच्या माणसाला त्या दुकानात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. सैनिकांची पेटी घ्यावी, तर ते सुट्या तुकड्यांत असतात, म्हणून कातरी आणि गोंद हवा. जोडले की रंग हवा. रंगाआधी रंग धरायला वेगळा रंग हवा. ब्रश तीन आकारांचे. नियमांचं पुस्तक एक, तुमच्या घराण्याचं दुसरं, आणि त्या दुसऱ्यात झालेल्या दुरुस्त्या फोनवर, दरमहा पैसे भरून. विक्रेता मुलगा फार गोड होता. गिऱ्हाईक तिथे एका वस्तूसाठी येतं आणि काहीतरी अपुरं आहे एवढीच जाणीव घेऊन बाहेर पडतं. लेसने पेटी उलटी करून किंमत पाहिली, चिकटपट्टी सरळ केली आणि परत जागेवर ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाला, “एवढ्यात शाळेचा एक नळ बदलून येतो. माणसाच्या मजुरीसकट.”

मग त्याला एक युक्ती सापडली. पेपरवाल्याच्या दुकानात सतरा सूर्यांचं पाक्षिक निघालं. अशा पाक्षिकांचा पहिला अंक कवडीमोल असतो, पुढचे महाग. पहिल्या अंकासोबत तीन सैनिक आणि एक ब्रश. लेसने दुसरा अंक घ्यायचाच नाही असं ठरवलं. बलवेल, हकनॉल, आर्नल्ड अशी दुकानं फिरून त्याने पहिला अंकच सहा वेळा घेतला. एका दुकानातली बाई म्हणाली, “नातवंडं खूप दिसतात तुम्हाला.” तो हो म्हणाला.

सहाही अंकांत तेच तीन सैनिक होते, तसेच उभे, त्याच बाजूला मान वळवलेले. त्यातला एक भट्टी-रक्षकांचा कप्तान. एका सेनेत कप्तान एकच चालतो. शिवाय उरलेले दोघे ज्या घराण्याचे होते ते भट्टी-रक्षकांचं हाडवैरी. हे लेसला पुस्तकांमुळे पाठ होतं, पण तीन सैनिक एकाच पाकिटात आहेत म्हटल्यावर ते एकाच बाजूचे असणार असं त्याने धरलं होतं. मला त्याने ते सहा कप्तान खिडकीत ओळीने मांडून दाखवले. जॅनिस, त्याची बायको, चहा ओतत म्हणाली, “सहा जण हुकूम सोडणार आणि लढायला कुणी नाही. तुझ्या शाळेसारखंच झालं की.”

सप्टेंबरच्या शेवटी त्याचा मला फोन आला. आवाज दबलेला. आर्नल्डच्या धर्मादाय दुकानात, जिगसॉच्या खोक्यांमागे, आइस्क्रीमचे दोन मोठे डबे. आत भट्टी-रक्षक. पिवळे, काळे, प्रत्येकाच्या डोक्यावर टाचणीचा दिवा. डबे गल्ल्यावर नेऊन त्याने तिथल्या स्वयंसेवक बाईंना सांगितलं की या चिठ्ठीवर आहे त्याच्या कितीतरी पट किंमत यायला हवी. बाई इथल्या रीतीने लाडाने म्हणाल्या, “चिठ्ठीवर आहे तीच किंमत, डक. मला चिठ्ठ्या बदलायची परवानगी नाही.”

मी म्हटलं, लेस, तुझी खुर्ची झाली. तो म्हणाला, कुणाला बोलू नकोस, तयार झाली की आणतो. तयार म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. सेना तर तयारच होती.

लेसच्या डोक्यात काय होतं ते समजायला रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसावं लागेल. डेनिसचा एक नियम होता : सेना स्वतःच्या हातची. गरीब असो, श्रीमंत असो, हात वाकडा असो, रंग आपला आपण लावायचा. एकदा एक दंतवैद्य पैसे देऊन रंगवून घेतलेली देखणी सेना घेऊन आला होता. डेनिसने तिचं तोंडभर कौतुक केलं आणि त्याला चहा पाजून घरी पाठवलं. लेस तेव्हा तिथे होता. असे कितीतरी प्रसंग त्याने पाहिले होते. आणि युद्धखेळातल्या माणसांना दुसऱ्याची जुनी सेना मिळाली की ती काय करतात, हेही त्याने तिथेच ऐकलं होतं. जखमा धुवायचं ते तपकिरी जंतुनाशक बादलीत ओततात, सैनिक रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी दात घासायच्या ब्रशने रंग खरवडून काढतात.

डेनिसची सेना डेनिसच्याच नियमाने घ्यायची, तर आधी डेनिसचा रंग काढायला हवा होता. लेसने तो काढला.

सगळ्या घराला इस्पितळाचा वास सुटला. जॅनिस आठवडाभर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून कोट घालून स्वयंपाक करत होती. सकाळी लेसने भिजलेले सैनिक नळाखाली धरले. इथेच त्याला अर्धंच ऐकल्याचा फटका बसला. त्या औषधाला पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होतो आणि तो पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. धुवायचं ते पुन्हा त्याच औषधाने, पाण्याने नव्हे. हे हॉलमधल्या कुणीही सांगितलं असतं, पण त्याला कुणाला विचारायचंच नव्हतं. मग पुढचे कितीतरी दिवस शाळेतून आल्यावर तो गॅरेजमध्ये बसून सुईने त्यांच्या कोपरांतला, गुडघ्यांतला काळापिवळा लगदा टोकरत होता. काहींचे दिवे गेले, एकाची बोटं गेली.

एकच सैनिक त्याने बादलीत टाकला नाही. निशाणवाला. त्याच्या हातातल्या झेंड्यावर डेनिसने बंद पडलेल्या खाणीचं चाक रंगवलं होतं, नखाएवढ्या जागेत, त्याच्या आऱ्यांसकट. तो लेसने खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत कापूस घालून ठेवला.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी तो हॉलमध्ये डबे घेऊन आला. कोट न काढताच त्याने ते टेबलावर ठेवले आणि झाकणं उघडली. करड्या, नागड्या प्लास्टिकची रास. क्लाइव्हने एक सैनिक उचलून डोळ्याजवळ नेला. टाचणीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

“हे कुठे मिळालं तुला?”

“आर्नल्डला.”

“लेस,” क्लाइव्ह हळू म्हणाला, “रंग कुठे आहे?”

“काढला.”

चहाच्या खिडकीत, दर गुरुवारी चहा करणारी पॉलीन कप विसळत होती, तिने नळ बंद केला. मग सगळे एकदम बोलू लागले. एक जण म्हणाला की ती काचेच्या कपाटात ठेवायची सेना होती. दुसरा बाहेर सिगारेट ओढायला गेला तो लवकर आला नाही. लेस शांतपणे सांगत राहिला, सेना स्वतःच्या हातची लागते, डेनिसचाच नियम, मी त्याच्या रंगात इथे आलो असतो तर त्याने मला दंतवैद्यासारखं परत पाठवलं असतं.

“तो नियम आम्ही डेनिस गेल्यावर जूनमध्येच काढला, गाढवा,” क्लाइव्ह म्हणाला. “वार्षिक सभेत. विकतची चालते, दुसऱ्याची चालते, सगळं चालतं. आहे तशी आणली असतीस तर याच क्षणी खुर्ची तुझी होती. आणि डेनिसची सेनाही आमच्यासमोर असती.”

“मला कुणी सांगितलं?”

“तू सदस्य आहेस का?”

“त्या सभेला तुला घेऊन मीच आलो होतो,” लेस म्हणाला. “तुम्ही दार लावून घेतलंत. मी बाहेर गाडीत बसलो होतो.”

यावर क्लाइव्ह आणखीच चिडला. त्या रात्री गाडीतून उतरताना क्लाइव्हने दार नको इतकं जोरात लावलं.

लेसने तरीही हार मानली नाही. खुर्ची अजून रिकामी होती. भिंतीच्या रंगाच्या नमुन्याच्या बाटल्या घरसामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. त्याने तीन घेतल्या : एक विटकरी, एक मोरपंखी आणि एक ओल्या वाळूसारखी. भिंतीचा रंग जाड असतो. शिरस्त्राणाच्या खाचा, कमरेचे पट्टे, चेहरे, सगळं त्याखाली बुजून गेलं. रंगवून झाल्यावर ते सैनिक साखरेच्या पाकात बुडवून काढलेल्या बिस्किटांसारखे दिसत होते. पण सेना ‘रंगवलेली’ ठरायला नियमाने तीन रंग पुरेसे होते आणि तीनही त्याने स्वतः लावले होते. चष्म्यावर चष्मा घालून. विचारलं असतं तर त्याने प्रत्येकाच्या घराण्याचा इतिहास सांगितला असता, चेहरा मात्र एकाचाही ओळखता आला नसता.

नोव्हेंबरचा पहिला गुरुवार आला. नकाशा पसरला होता. सात जण बसले होते. ॲलिस्टर नावाचा विद्यापीठातला एक विद्यार्थी आपली सेना घेऊन भिंतीपाशी उभा होता, जमलं तर जमलं म्हणून. क्लाइव्हने लेसची सेना एकेक करून टेबलावर घेतली आणि भिंग लावून बेरीज केली. मग पुन्हा केली. मग भिंग माझ्याकडे देऊन म्हणाला, “विद, तू बघ.”

मी पाहिली. निशाणवाल्याशिवाय एका तुकडीचे पॉइंट धरता येत नव्हते. तेवढ्याने सेना अपुरी पडत होती. बाकी सगळं बरोबर होतं.

“निशाणवाला होता डेनिसकडे,” क्लाइव्ह म्हणाला. “खाणीचं चाक असलेला. तो कुठे गेला?”

लेसने कोटाच्या खिशातून डबी काढली आणि कापूस बाजूला केला. सगळे उठून जवळ आले. काळ्यावर पिवळं चाक. पॉलीन चहाच्या खिडकीतून बाहेर येऊन बघून गेली आणि डोळे पुसायला नकोत म्हणून ॲप्रनला हात पुसत राहिली.

क्लाइव्हचा आवाज बराच मऊ झाला. “ठेव टेबलावर,” तो म्हणाला. “झालं काम. बस तिकडे.”

“हा डेनिसचा आहे.”

“माहीत आहे.”

“माझ्या हातचा नाही.”

“अरे, तो नियम गेला. मी सचिव आहे, मी सांगतोय.”

“तुमच्यासाठी गेला,” लेस म्हणाला. “त्या नियमापायी मी बाकीचे सगळे खरवडलेत. आता याला ठेवला तर ते कशासाठी केलं?”

क्लाइव्हने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. “बरं. मग याचाही रंग काढ, तो मोरपंखी चिखल फास आणि ये. आम्ही पुढच्या गुरुवारपर्यंत थांबतो. मी थांबवतो सगळ्यांना.”

“तेही जमणार नाही मला.”

“मग करायचंय काय तुला?”

लेसने डबी बंद केली. “ते माझं मी बघतो. तुम्ही सुरू करा.”

एवढा हताश क्लाइव्ह मी कधी पाहिला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण मी काय सांगणार? माझी बेरीज करून झाली होती. शेवटी त्याने ॲलिस्टरला मानेने खूण केली. तो मुलगा भिंतीपासून निघाला आणि लेसच्या बाजूने जाताना सॉरी म्हणाला. आठवी खुर्ची भरली. लेसने आपली विटकरी माणसं आइस्क्रीमच्या डब्यांत परत भरली आणि रेडिएटरजवळ जाऊन बसला. पॉलीनने न सांगता पुदिन्याचा सॉस घातलेल्या वाटाण्यांची वाटी त्याच्या हातात दिली. त्याने ती खाल्ली आणि खेळ बघितला, नेहमीसारखा.

परत येताना क्लाइव्ह गप्प बसू शकला नाही. जॅनिसने तुझ्यात काय बघितलं हे मला आजवर कळलेलं नाही, तो म्हणाला, आणि मेलेल्या माणसाशी कसली रे शर्यत लावतोस, तो काही बघायला येणार आहे का?

“पट्टा लाव,” लेस म्हणाला.

यंदाच्या वसंतात मोहीम संपली. ॲलिस्टर पदवी घेऊन गावी निघून गेला, म्हणजे खुर्ची पुन्हा रिकामी. लेसने सगळा हिवाळा सैनिकांचा जाड रंग सुईने पातळ केला होता, आता चेहऱ्यांची नाकं तरी कळू लागली होती. निशाणवाल्याच्या जागी दुसरा एक सुटा निशाणवाला मिळतो का, हे तो लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात शोधत होता. बाजारातला एक माणूस त्याच्यासाठी एक बाजूला ठेवायलाही तयार झाला होता.

आणि मेमध्ये खेळाची नवी आवृत्ती आली. नियम नवे, पुस्तकं नवी, पॉइंट नवे. गाडीत क्लाइव्हने फोन नाकाजवळ धरून वाचून सांगितलं की भट्टी-रक्षक आता स्वस्त झाले आहेत, प्रत्येकाचे पॉइंट उतरलेत.

किंमत उतरली की गिऱ्हाइकाचा फायदा होतो, असं मी कॉलेजात शिकलो आणि पुढे नोकरीभर तेच धरून चाललो. इथे गणित उलटं आहे. एका सैनिकाचे पॉइंट कमी झाले की हजार भरायला सैनिक जास्त लागतात. जी सेना काल जवळजवळ पूर्ण होती ती आज बसल्या जागी लहान झाली. लेसला हे माझ्याआधी कळलं. तो लाल दिव्याला थांबला होता. दिवा हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही, मागच्याने हॉर्न दिला तेव्हा हलवली.

“किती कमी पडतात आता?” त्याने विचारलं.

क्लाइव्हने बोटांवर मोजलं. “आठ.”

“निशाणवाला धरून, की सोडून?”

“डेनिसचा निशाणवाला धरून आठ.”

लेसने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“मग नऊ,” तो म्हणाला.